बांधलेली गाडी

चि. ईरा आणि चि. भार्गव,

भिलाईहून परत आल्याला बरेच दिवस झाले, तरी माझा राग उतरलेला नाही. तुमची आई म्हणते, राग शांत झाल्यावर लिही. मला ते पटत नाही. राग शांत झाला की प्रवासाचं वर्णन करताना माणूस फक्त झाडं आणि जेवण लिहितो. झाडं आणि जेवण मीही लिहीन, पण मोटारसायकलीला मध्ये जागा ठेवून.

भार्गव, हे तूच मागितलं होतंस. "आजी, मावशीनं कमी पैशात मोठी बाइक कशी फास्ट केली, ते नीट बघून ये." नीट बघून आले. ईराला वाटेल यात आपल्यासाठी काय आहे. तिनं तर आधी वाचावं.

दुर्ग स्टेशन

तुम्ही दोघांनी भिलाई पाहिलेली नाही. माझा धाकटा भाऊ दिगंबर, तुमच्या आईचा दिगूमामा, भंडाऱ्याहून तिथल्या पोलाद कारखान्यात नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. आता निवृत्त आहे. त्याची मुलगी वैशाली, तुमची मावशी, जामुलच्या सिमेंट कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. सिमेंटचे ठोकळे पाडायचे आणि ते किती दाबाला फुटतात ते बघायचं, हे तिचं काम. स्वतःच्या पगारातून तिनं जुनी, साडेतीनशे सीसीची मोठी मोटारसायकल घेतली आहे.

स्टेशनबाहेर ती मला दिसण्याआधी ऐकू आली. जिन्यावरून पत्र्यांची चळत सोडून द्यावी तसा आवाज. रिक्षावाले वळून पाहत होते. दिगू शेजाऱ्याची छोटी कार घेऊन आला होता आणि बारशाला आलेल्या आजोबासारखा हसत होता.

"पाय बाई, कशी गरजून राहिली," तो म्हणाला. तिकडे 'पाय' म्हणजे पाहा, आणि मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. "मी स्वतः संतोष मिस्त्रीकडून बांधून घेतली. आता फिकर नाही."

गाडी बांधतात म्हणजे काय, असं मी विचारलं. आमच्या नाशिकला म्हशी बांधतात. वैशालीनं हेल्मेट काढून समजावलं, की इथं मिस्त्री इंजिन 'खोलतो' आणि परत 'बांधतो'. दुरुस्ती झाली की म्हणायचं, गाडी बांधून दिली. मला शब्द आवडला. मी तो मनात ठेवून घेतला, आणि ठेवला हे बरं झालं.

निघालो. उड्डाणपुलाच्या चढाला आमची लहानशी कार सहज वर गेली आणि तो गडगडाट मागे राहिला. एवढी गरजणारी गाडी मागे का, असं मी विचारलं, तर दिगू म्हणाला, "पोट्टी समजदार आहे. हळू चालवते."

मी आरशात पाहिलं. वैशाली पुढे वाकून, कोपर खाली ओढून बसली होती. हळू चालवणारं माणूस असं बसत नाही.

सेक्टर

भिलाईचे रस्ते रुंद आणि सरळ आहेत. कोणीतरी पट्टी ठेवून आखलेले, म्हणून मला आवडले. क्वार्टर्ससमोर पेरू आणि शेवग्याची झाडं. शेवग्याला तिकडे मुनगा म्हणतात आणि सगळ्यात घालतात. पानांवर तांबूस धूळ. डावीकडचे तेलुगू, उजवीकडचे बंगाली, समोरचे मल्याळी, आणि सगळ्यांची एकमेकांशी हिंदी. मराठी दिगूच्या घराच्या जाळीच्या दारातून आत गेलं की सुरू होते.

सकाळी शोभानं, म्हणजे तुमच्या आईच्या मामीनं, फरा केला. तांदळाच्या पिठाचे बोटभर लांब वळे वाफवायचे आणि वर तीळ-मिरचीची फोडणी. छत्तीसगढी शेजारणीकडून शिकलेला. आपल्या उकडीच्या शेंगोळ्यांचा हा चुलतभाऊ, पण हलका. मी तीनदा घेतला.

दिगू दूध आणायला गेला तसं वैशालीनं मला अंगणात नेलं आणि हळू आवाजात खरी गोष्ट सांगितली. भिलाई-दुर्ग-रायपूरच्या मुलींचा एक गट आहे. त्या मोठ्या गाड्या घेऊन लांब जातात. मागच्या वेळी केशकालच्या घाटात ती एका ट्रकला मागे टाकत होती. अर्ध्यात पोचली, वेगाची मूठ पूर्ण पिळली, आणि गाडीनं पुढे काहीच दिलं नाही. वळणावरून बस आली. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून ती फटीतून आत शिरली.

"घरी बोललीस?"

"पागल आहे का आत्या? बाबा चाबी काढून घेतील."

गटाच्या प्रमुख मुलीनं तिला सांगितलं होतं, गाडीत दम आणून ये, नाहीतर घाटात येऊ नको. एक अडली की मागच्या सगळ्या अडतात. येत्या रविवारी पुन्हा तोच घाट होता, पुढे बस्तर. तेव्हापासून वैशालीनं परवडेल ते सगळं करून पाहिलं होतं. हवा जास्त ओढणारी जाळी बसवली. मोकळा सायलेंसर लावला, तोच तो पत्र्यांचा. पेट्रोल जास्त सोडणारी मोठी जेट घातली, प्लग बदलला. पगार त्यात गेला होता आणि वेगाचा काटा जिथं अडायचा तिथंच अडत होता.

मी विचारलं, कोणत्या क्रमानं बदललं? ती म्हणाली, सगळं एकाच दुपारी, संतोषनं.

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आहे. परीक्षानळीत पाच द्रव्यं एकदम ओतणाऱ्या मुलाला मी वर्गाबाहेर उभं करत असे. मग कशानं काय झालं ते कसं कळणार?

वैशाली खजील होऊन हसली. "लॅबमध्ये असं केलं तर माझा बॉस मले हाकलून देईन."

पॉवर हाऊस

पॉवर हाऊस म्हणजे तिथला बाजार. संतोषचं गॅरेज एका गल्लीच्या तोंडाशी. संतोष हसरा, गुळगुळीत दाढी केलेला, मला लगेच माताजी म्हणाला आणि खुर्ची पुसून दिली. इथपर्यंत छान.

वैशालीनं त्याला विचारलं, व्हॉल्व्हची फट शेवटची कधी तपासली. संतोषनं उत्तर दिगूला दिलं. चेन किती ताणली आहे, असं तिनं विचारलं. उत्तर दिगूला. मी मुद्दाम दिगूसमोर उभी राहिले, तर संतोषनं माझ्या खांद्यावरून दिगूला सांगितलं, की अंकल, आता सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन टाकू, मग बघा. गाडी वैशालीची, पैसे वैशालीचे, रोज जामुलची धूळ खाणारी वैशाली. आणि सल्ला अंकलना. दिगूही मान हलवत ऐकत होता, आणि ती मान 'पुढे बघू' अशी हलत होती.

मी म्हटलं, पिस्टन राहू दे. जुनी जाळी, जुना सायलेंसर आणि जुनी जेट परत दे. ती त्यानं ढिगातून काढून दिली, जरा नाखुशीनं. वैशाली खोलेल आणि वैशालीच बांधेल, असं मी सांगितल्यावर तो हसला. दिगू मात्र हसला नाही. तो एकदम म्हणाला, "कार्बोरेटर खोलू नको पण. ते नाजूक राहते."

मला वाटलं, बापाची काळजी.

चरोद्याचा पूल

चरोद्याला रेल्वेचं मोठं यार्ड आहे. मालगाड्यांच्या रांगाच रांगा, आणि त्यांच्यावरून जाणारा एक पूल. चढ बेताचा पण लांब. आम्ही ठरवलं, रोज कामावरून आल्यावर एकच गोष्ट बदलायची आणि पूल चढून पाहायचा. त्याच लिंबाच्या झाडापासून सुरुवात, तोच गिअर. मागे मी. प्रयोगात वजन कायम हवं, आणि माझं वजन किती कायम आहे हे तुमच्या आईला विचारा.

शोभाचा सलवार-कुर्ता आणि वैशालीचं जुनं हेल्मेट घालून मी बसले. पहिल्याच फेरीत चष्म्यावर वाफ धरली आणि डावी चप्पल पुलावर पडली. मागून येणाऱ्या ट्रकनं तिचं जे केलं ते वर्णन करण्यासारखं नाही. परत येताना एका पायात चप्पल घालून मी पानठेल्यावर चहा प्यायले. पानवाल्यानं विचारलं, "नानी, लायसन बन गया?" मी म्हटलं, अभी ट्रायल चल रहा है.

पहिल्या दिवशी जुना सायलेंसर लावला. काटा पूर्वीएवढाच चढला, पण आता एकमेकींचं बोलणं ऐकू आलं. म्हणजे तो पत्रा फक्त आवाज देत होता. आमच्या गल्लीतही अशी पोरं आहेत, आवाज म्हणजे दम समजणारी. पण मिस्त्रीनंही तेच विकावं याची मला चीड आली. दुसऱ्या दिवशी बदल असा नाही, नुसती देखभाल: तिनं व्हॉल्व्हची फट नीट केली, चेनला तेल दिलं, चाकांत हवा भरली. यानं गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायला लागली, खालच्या वेगाला गोड ओढू लागली. भार्गव, हे लिहून ठेव: या तीन गोष्टींना जवळजवळ काहीच लागत नाही, आणि लोक त्या करत नाहीत. पण चढाच्या टोकाला काटा तिथंच.

तिसऱ्या दिवशी मोठी जेट काढून जुनी लहान घातली. ती कार्बोरेटरच्या खालच्या बाजूनं निघते, वरचं झाकण उघडावं लागत नाही. दिगू दारात उभा राहून पाहत होता. वरच्या झाकणाला हात लागला नाही हे पाहिल्यावर तो आत गेला.

पूल चढलो. काहीही फरक नाही. चांगला नाही, वाईटही नाही.

मी वैशालीला थांबवलं. पेट्रोल कमी केलं तर गाडी थोडी तरी बिघडायला हवी ना? एखादं द्रव्य कमी केलं आणि निकाल जराही हलला नाही, तर त्याचा अर्थ ते द्रव्य त्या क्रियेत भागच घेत नाही.

ती पुलाच्या कठड्याला टेकून विचार करत राहिली. खाली डबे एकमेकांवर आपटत होते. मग म्हणाली, की ही जेट मूठ जवळजवळ पूर्ण उघडल्यावर काम करते. शेवटचा पाव भाग.

"मग तू तो शेवटचा भाग वापरत नाहीस."

"वापरते आत्या. पूर्ण पिळते मी."

"पूर्ण म्हणजे कुठवर?"

"अडते तिथवर." आणि असं म्हणून ती आपल्या उजव्या मनगटाकडे बघू लागली.

ही गाडी घेतल्याबरोबर, चालवायच्याही आधी, ती दुरुस्तीला गेली होती. अशी दुसरी गाडी वैशालीनं कधी चालवलेली नव्हती. मूठ जिथं अडते तिथं ती संपते, असंच ती समजत आली होती.

पुन्हा पॉवर हाऊस

आम्ही तशाच संतोषकडे गेलो. दिगू बरोबर नव्हता, त्यामुळे त्याला वैशालीकडे बघून उत्तर द्यावं लागलं. तिनं विचारलं, ही मूठ पूर्ण उघडते का?

"पूरी कैसे खुलेगी दीदी? बंधी हुई गाड़ी है ना। अंकल ने ही तो बंधवाई थी।"

किती सहज. खुंट्याला बांधलेल्या बकरीबद्दल सांगावं तसं.

आणि मला दुर्ग स्टेशनवरचा तो शब्द आठवला. दिगू खोटं बोललाच नव्हता. गाडी संतोषकडून बांधून घेतली, आता फिकर नाही. आम्ही ऐकलं ते इंजिन. तो सांगत होता तो दोर.

मी संतोषला विचारलं, मग जाळी, जेट, सायलेंसर हिला कशाला विकलंस? गाडी धावणार नाही हे तुला माहीत होतं. तो जरासुद्धा लाजला नाही. दीदीनं मागितलं, मी दिलं. अंकलनी सांगितलं, मी बांधलं. दोन्ही गिऱ्हाईकं आपलीच. त्याच्या मनात कुठंही गाठ नव्हती. मी त्याला माझ्या शाळेतल्या आवाजात काय बोलले ते इथं लिहीत नाही. गल्लीतल्या दोन दुकानांतून माणसं बाहेर आली एवढं सांगते.

अंगण

दिगू मुनग्याखाली खाट टाकून बसला होता. शोभा लाल भाजी निवडत होती. वैशाली गाडी लावायला लागली, आणि मी बोलले. वैशालीची मूठ तू बांधलीस का, असं सरळ विचारलं.

त्यानं नाकारलं नाही. "बाई, तू कावून तापून राहिली? पोट्टीच्या भल्यासाठीच केलं ना. लोक गाड्यांले स्पीड गव्हर्नर लावतेत का नाही?"

"लावतात. चालवणाऱ्याला सांगून."

"सांगितलं असतं तर हिनं ऐकलं असतं?"

"आणि तो कर्कश सायलेंसर? तोही तूच सुचवलास?"

"मले भेव वाटते बाई. गाडी गेटातून निघाली का मी कान लावून बसतो. आवाज मोठा असला तर चौकापर्यंत समजते, कुठवर गेली ते."

ईरा, भार्गव, या जागी माझा राग थोडा डगमगला, हे कबूल करते. पण लगेच दुप्पट झाला. मुलीला आवाज दिला आणि वेग स्वतःकडे ठेवून घेतला. तिनं घाम गाळून मिळवलेला पगार एका न उघडणाऱ्या मुठीत ओतला आणि हा बाप रोज संध्याकाळी विचारत होता, काय बेटा, आज कशी पळाली?

तेव्हा वैशाली बोलली. आवाज न चढवता, प्रयोगशाळेतला आकडा वाचून दाखवावा तसं.

"बाबा, केशकालात मी ट्रकच्या बाजूला होती. समोरून बस आली. मी मूठ पूर्ण पिळली होती. तिथं तुमची गाठ होती."

शोभाच्या हातातली भाजीची जुडी तशीच राहिली. दिगू खाटेवरून उठला, पुन्हा बसला. कोणती बस, कधी, असं काहीतरी पुटपुटला. मग तो आत जाऊन पान्ह्यांचा डबा घेऊन आला आणि गाडीपाशी उकिडवा बसला.

"नाही," वैशाली म्हणाली. "मी खोलते. तुम्ही बसा तिथं."

तो बसला. तिनं कार्बोरेटरचं वरचं झाकण फिरवून काढलं, तेच ते नाजूक राहणारं. मुठीची तार ज्या दट्ट्याला वर ओढते, त्या दट्ट्याच्या डोक्यावर, तारेभोवती एक काळी प्लॅस्टिकची नळी घातलेली होती. बोटाच्या पेराएवढी. ब्रेकच्या तारेचं वरचं कव्हर कापून केलेली. दट्ट्या वर चढायचा, नळीला टेकायचा आणि थांबायचा. बस्स. एवढ्याशा नळीसाठी जाळी, जेट, सायलेंसर, प्लग. वैशालीनं ती बापाच्या तळहातावर ठेवली. त्याला ती कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून मी घेतली आणि पर्समध्ये टाकली.

पूल चढायला आम्ही आणखी एकदा गेलो. तोच लिंब, तोच गिअर, तेच वजन, या वेळी शोभाच्या घट्ट सँडल. अर्ध्या चढावर पुढे सिमेंटचा ट्रक होता. वैशालीनं समोरचा रस्ता मोकळा आहे हे पाहिलं, मूठ फिरवली, आणि ती जिथं आजवर संपायची तिथून पुढे फिरली. गाडी आवाज न करता ताणली गेली. मी तिच्या पाठीवर आपटले, पुढे ट्रक बाजूला आला, मागे गेला, आणि पुलाच्या माथ्यावर आम्ही दोघीच होतो. हेल्मेटच्या आत वैशाली हसत होती की रडत होती, हे मागून कळत नाही.

उतरून ती म्हणाली, आता नवीन गाडीच समजून शिकायला पाहिजे. रविवारपर्यंत तिनं रोज सकाळी रिकाम्या रस्त्यावर सराव केला. वेग मिळाला की आधी ब्रेक तपासले. असं माणूस बांधून ठेवायचं असतं होय?

रविवार

ती पहाटे उजाडताना निघाली. शोभानं ठेठरी आणि खुरमी डब्यात भरून दिली. एक बेसनाची खारी, एक गुळाची गोड, दोन्ही दगडासारखी टिकाऊ, घाटासाठी उत्तम. दिगू फाटकाशी उभा होता. इतकी वर्षं मुलगी घरातून निघाली की तो एकच वाक्य म्हणतो, हळू जाजो. या वेळी त्यानं तोंड उघडलं, "हळ..." म्हणाला आणि थांबला.

"पाहून जाजो," तो म्हणाला.

वैशालीनं मान हलवली. गाडी गेली ती इतकी हळुवार, की वळणापर्यंतसुद्धा ऐकू आली नाही. दिगू कान देऊन उभा राहिला, आणि ऐकायला काही नव्हतं. दुपारी घाटाच्या माथ्यावरून तिचा फोन येईपर्यंत तो फाटकापासून हलला नाही. जेवायला ये म्हणून मी त्याला बोलावलं नाही. शोभानंही नाही.

काल त्याचा फोन आला होता. विचारत होता, बाई, अजून तापूनच राहिली का? मी म्हटलं, हो. मग त्यानं विचारलं, ती नळी फेकली ना? फेकलेली नाही. माझ्या टेबलावर, पेनांच्या डब्यात आहे. भार्गव, तुला कमी खर्चाची सुधारणा पाहायची होती ना, ती हीच. आणि ईरा, तू पुढच्या वेळी येशील तेव्हा ती हातात घेऊन बघ. किती हलकी आहे ते तुला कळायला हवं.

तुमची,
आजी